पात्रिसिओ गुस्मान यांचा ‘माय इमॅजिनरी कंट्री’: चौकातली गर्दी म्हणजे देश का?

आंदोलनांवर पीएचडी करायची म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा माहितीपट एकदा बघावा. मग चिलीचा ४ सप्टेंबर २०२२ चा निकाल वाचावा, आणि पुन्हा बघावा. सिनेमा आवडण्या-न-आवडण्यापेक्षा मला या दोन बघण्यांमधल्या फरकाबद्दल बोलायचंय.

आधी थोडं मागचं. ऑक्टोबर २०१९ मध्ये सांतियागोत मेट्रोचं गर्दीच्या वेळचं तिकीट ८०० वरून ८३० पेसो झालं. शाळकरी पोरापोरींनी फाटकांवरून उड्या मारून फुकट प्रवास सुरू केला. गंमत म्हणजे विद्यार्थ्यांचं भाडं वाढलंच नव्हतं! ती उडी आईबापांच्या खिशासाठी होती. १८ ऑक्टोबरला शहर पेटलं, २५ तारखेला एकट्या राजधानीत दहा लाखांहून जास्त माणसं रस्त्यावर आली. १५ नोव्हेंबरला पक्षांनी करार केला: पिनोशेच्या काळातली १९८० ची राज्यघटना बदलायची का, हे जनमताने ठरवू. २५ ऑक्टोबर २०२० ला ७८ टक्के लोक ‘हो’ म्हणाले.

गुस्मान या सगळ्यानंतर वर्षभराने पोचले. ख्रिस मार्करने त्यांना कधीकाळी सल्ला दिला होता की आग चित्रित करायची तर पहिली ज्योत उठेल तिथे आधीच हजर राहा. ती ज्योत आपली हुकली, हे ते सिनेमात मोकळेपणाने सांगतात. मग ते मुलाखतींकडे वळतात, आणि त्या फक्त बायकांच्या. लेखिका नोना फर्नांदेस, राज्यशास्त्राच्या अभ्यासक क्लाउदिया हाइस, बुद्धिबळपटू आणि घटनासमितीच्या सदस्य दामारिस आबार्का, शिवाय रस्त्यावर दगड उचलणाऱ्या अनोळखी मुली. हा निर्णय मला पूर्ण पटला. नेता नाही, पक्षाचा झेंडा नाही, अशा आंदोलनाचं वजन कोण वाहत होतं, ते त्या चेहऱ्यांवर दिसतं. पोलिसांच्या माऱ्यात शेकडो लोकांच्या डोळ्यांना इजा झाली. तो भाग बघताना मी दोनदा सिनेमा थांबवला.

२००६ चं शाळकरी मुलांचं आंदोलन आणि २०११ चं विद्यापीठांचं, हा धागा मात्र मला यापेक्षा ठळक हवा होता. शेवटी राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून येणारा गाब्रिएल बोरिच त्याच विद्यार्थी चळवळीतून आलेला. ठिणगी अचानक पडली असेल, पण सरपण तेरा वर्षं गोळा होत होतं.

आता मुख्य तक्रार. सिनेमा मे २०२२ मध्ये कानला दाखवला गेला. चारच महिन्यांनी त्याच घटनासमितीचा मसुदा जवळपास ६२ टक्के मतांनी फेटाळला गेला. दिग्दर्शकाला भविष्य कळायला हवं होतं, असं मी म्हणत नाहीये. ते अन्यायाचं होईल. पण ‘नाही’ म्हणणारी माणसं मे महिन्यातही चिलीत राहतच होती ना? सिनेमात ती जवळजवळ नाहीतच. आणि हे कोणाच्या सिनेमात? ज्या माणसाने ‘बॅटल ऑफ चिली’च्या पहिल्या भागात १९७३ च्या निवडणुकीआधी आयेंदेच्या विरोधकांपुढेही माइक धरला, त्यांच्या घरात जाऊन प्रश्न विचारले! तरुण गुस्मान यांना शत्रूचं म्हणणं ऐकायचं होतं. ऐंशीच्या घरातल्या गुस्मान यांना बहुधा आशा ऐकायची होती. समजतं मला. तरी पुरावा म्हणून सिनेमा तिथे लंगडा पडतो.

आकडे बघा. २०२० मध्ये मतदान ऐच्छिक होतं, साधारण ७५ लाख लोकांनी, म्हणजे निम्म्या मतदारांनी, मत दिलं. २०२२ मध्ये ते सक्तीचं झालं आणि सुमारे १ कोटी ३० लाख आले. एकट्या ‘नाही’ला ७८ लाखांच्या वर मतं. म्हणजे आधीच्या खेपेला मत दिलेल्या सगळ्यांपेक्षा जास्त! घाईत आपण लिहून मोकळे होतो की लोकांचं मन बदललं. पण मोजलेले लोकच बदलले होते. बरं, सगळं सक्तीवरही ढकलता येत नाही: पंचावन्न लाख मतदार वाढूनही ‘हो’ची मतं ५९ लाखांवरून ४९ लाखांच्या आत आली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या, आणि त्या वेगळ्या करणं हेच खरं संशोधनाचं काम आहे. पेतोर्काचंच घ्या. अ‍ॅव्होकाडोच्या मळ्यांमुळे पाणीटंचाईसाठी गाजलेला हा तालुका. मसुद्यात पाण्याच्या हक्काची तरतूद होती, तरी तिथेही ‘नाही’च जिंकलं. का? याचं उत्तर राजधानीच्या चौकात कॅमेरा लावून मिळणार नाही.

माझ्या पहिल्या प्रपोजलमध्ये ‘जनता’ हा शब्द अकरा वेळा होता. गाइडनी प्रत्येकाखाली पेन्सिलने एकच शब्द लिहिला: ‘कोण?’ तेव्हा राग आला होता. हा सिनेमा दुसऱ्यांदा बघताना मीही वहीत तेच लिहीत होते.

जाता जाता एक. डिसेंबर २०२३ मध्ये उजव्यांच्या वर्चस्वाखाली तयार झालेला दुसरा मसुदाही सुमारे ५६ टक्क्यांनी फेटाळला गेला. ‘चिली उजवीकडे वळला’ असं प्रकरण कोणी आधीच लिहून ठेवलं असेल, तर त्यांनाही ते फाडावं लागलं असणार. १९८० ची घटना, बऱ्याच दुरुस्त्यांसह, अजून लागू आहे.