ठळक, तिरपे, पायबंद: एका मुद्राक्षरवळणाची चिन्हमीमांसा

साहित्यसंहितेचा विचार करताना आपली समीक्षा तिच्या मुद्रित देहाकडे सहसा दुर्लक्ष करते. शब्द हे चिन्ह आणि अक्षर हे त्याचे केवळ वाहन, असे गृहीत धरले जाते. या गृहीतकाच्या तपासणीसाठी रोमन लिपीतील ठळक, तिरप्या स्लॅब सेरिफ वळणाचे उदाहरण उपयुक्त ठरते. कारण त्यात तीन भिन्न ऐतिहासिक संकेत एकवटले आहेत.

सर्वांत जुना संकेत तिरपेपणाचा. व्हेनिस येथे आल्डस मानुशियसने १५०१ मध्ये व्हर्जिलचे काव्य फ्रान्चेस्को ग्रिफोने घडविलेल्या तिरप्या खिळ्यांत छापले. त्या वळणाचा आदर्श विद्वानांचे जलद हस्ताक्षर हा होता. तिरपे अक्षर म्हणूनच लिहित्या हाताची स्मृती जपते. स्लॅब सेरिफचे कूळ वेगळे. रेषांच्या टोकांना त्या रेषांइतक्याच जाड, चौकोनी पट्ट्या असलेले हे वळण लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्सने एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ‘अँटिक’ या नावाने आणले. जाहिरातीच्या जगात ते दुरून, गर्दीत, क्षणभरात वाचले जायचे होते. तिसरा संकेत ठळकपणाचा. १८४५ मध्ये रॉबर्ट बेझलीने प्रसृत केलेले ‘क्लॅरेन्डन’ साध्या अक्षरांसोबत त्याच ओळीत योजता येई. कोशातील नोंदशब्द त्यामुळे उठून दिसू लागला.

हे संकेत एकत्र आले की अक्षरात ताण निर्माण होतो. उभ्या रेषा पुढे झुकतात, पायाच्या पट्ट्या मात्र आडव्याच राहतात. अक्षर धावू पाहते आणि त्याच वेळी पाय रोवून उभे असते. हस्ताक्षराची जवळीक आणि फलकाची घोषणा एकाच आकारातून बोलतात. ग्रंथशीर्षक, भित्तिपत्रक, क्रीडासंघाचे नाव अशा ठिकाणी ते शोभते. तेथे शब्द थोडे आणि आवाहन तातडीचे असते. सलग गद्यात अक्षरांतर्गत पांढरी जागा आक्रसून ते वाचकाला थकविते. शिवाय प्रत्येक शब्दावर आघात दिला की आघाताला अर्थच उरत नाही. चिन्हाचे मूल्य भेदातून सिद्ध होते, हे सोस्यूरचे सूत्र येथे डोळ्यांना दिसते.

देवनागरीचा प्रश्न याहून निराळा आहे. तिच्या लेखनपरंपरेत तिरपे वळण आघाताचे रूप म्हणून घडलेले नाही. संगणकावर सरळ अक्षर कलते केले जाते, तेव्हा शिरोरेषा आडवी राहून दंड झुकतात. पण त्या झुकण्यामागे हाताचा इतिहास नसतो. इंग्रजी कादंबरीतील तिरपा शब्द मराठीत तसाच कलता छापल्यास आकार येतो आणि संकेत मागे राहतो. तो आघात अनुवादकाने शब्दक्रमात, ‘च’, ‘तर’, ‘देखील’ अशा अव्ययांत शोधावा लागतो. मुद्राक्षर हा अर्थाचा घटक आहे असे मानले, तरच अनुवादात नेमके काय हरवले ते सांगता येईल. या दृष्टीने आपल्या अनुवादसमीक्षेने छापील पृष्ठही वाचले पाहिजे.