गोणपाटावरील साक्ष : चिलीतील ‘आर्पियेरा’ आणि हस्तकलेचे प्रतिकारमूल्य

प्रास्ताविक :
हस्तकलेचा विचार प्रामुख्याने उपयुक्तता व सौंदर्य या दोन अंगांनी केला जातो. प्रतिकाराचे माध्यम म्हणून तिची चिकित्सा करावयाची झाल्यास चिलीतील ‘आर्पियेरा’ या कापडचित्रांचा अभ्यास महत्त्वाचा ठरतो. स्पॅनिश भाषेत या शब्दाचा अर्थ गोणपाट असा होतो.

पार्श्वभूमी :
11 सप्टेंबर 1973 रोजी लष्कराने साल्वादोर आयेंदे यांचे सरकार उलथविले. जनरल पिनोशे यांच्या राजवटीत हजारोंना अटक झाली. अनेकांचा ठावठिकाणा पुन्हा लागला नाही. सान्तियागो येथील बेपत्ता व्यक्तींच्या माता, पत्नी व भगिनी चर्चच्या आश्रयाने एकत्र आल्या आणि गोणपाटावर चिंध्या शिवून आपले अनुभव मांडू लागल्या. 1976 मध्ये स्थापन झालेल्या ‘विकारिया दे ला सोलिदारिदाद’ या चर्चच्या संस्थेमार्फत ही चित्रे परदेशी गेली. त्यातून या स्त्रियांना उपजीविकेचे साधन मिळाले आणि दडपलेली वार्ता देशाबाहेर पोहोचली.

विवेचन :
अनेक चित्रांत मागे अँडीजची रांग, वर सूर्य व उजळ रंग दिसतात. पुढे मात्र अटकेचा प्रसंग, सामुदायिक चूल किंवा ‘ते कुठे आहेत?’ असा फलक असतो. या विसंगतीस भाबडेपणा मानणे योग्य ठरत नाही. परिसर जिथल्या तिथे आहे, माणूस तेवढा नाही, ही जाणीव त्या उजळपणामुळेच तीव्र होते. काही चित्रांत तर बेपत्ता व्यक्तीच्याच कपड्यांचे तुकडे आहेत. तेथे कापड हाच पुरावा बनतो.

शिवणकाम बायकांचे, म्हणून निरुपद्रवी, हा समज आरंभी या स्त्रियांच्या पथ्यावर पडला. परंतु त्याच समजापोटी ही निर्मिती ‘लोककला’ या कप्प्यात टाकून तिच्या रचनेचा विचार टाळला जातो. हुकूमशाहीच्या आणि समीक्षेच्या दृष्टीतील हे साम्य अस्वस्थ करणारे आहे. दुसरीकडे, परदेशी दिवाणखान्यात ही साक्ष शोभेची वस्तू होण्याचा धोकाही नाकारता येत नाही.

समारोप :
चिलीत 1990 मध्ये लोकशाही परतली. तथापि एक हजारांहून अधिक बेपत्ता व्यक्तींच्या शोधासाठी तेथील शासनाला राष्ट्रीय योजना जाहीर करावी लागली ती 2023 मध्ये. आर्पियेरांनी सत्ता उलथविली नाही, हरवलेला माणूसही परत आणला नाही. मात्र शासनाला पन्नास वर्षांनी घ्यावा लागलेला प्रश्न त्यांनी 1970 च्या दशकातच सुईदोऱ्याने नोंदविला होता. त्यांचे मूल्यमापन करताना हे ध्यानात घेणे आवश्यक ठरते.