'जॅम बँड' ही संज्ञा आणि संगीत बारी : सादरीकरणाच्या निकषांचा एक चिकित्सक विचार

प्रस्तावना

संगीत सादर करणाऱ्या समूहांचे वर्गीकरण सर्वसाधारणपणे दोन अंगांनी केले जाते. पहिले अंग वाद्यांचे. ब्रास बँड, बँजो पार्टी, सनई-चौघडा ही नावे वाद्यांवरून पडलेली आहेत. दुसरे अंग आशयाचे. भजनी मंडळ, शाहिरी पथक, कव्वाली पार्टी ही नावे काय गायिले जाते यावरून आलेली आहेत. पाश्चात्त्य रॉक संगीतात १९९० च्या दशकात रूढ झालेली 'जॅम बँड' ही संज्ञा मात्र या दोन्ही चौकटींत बसत नाही. गिटार, ड्रम आणि की-बोर्ड ही वाद्ये सर्वच रॉक समूहांकडे असतात. गीतांच्या विषयांतही खास वेगळेपण आढळत नाही. मग एखाद्या समूहाला जॅम बँड म्हणायचे ते कशाच्या आधारावर?

प्रस्तुत लेखात या संज्ञेच्या निकषांची तपासणी केली असून, त्या निकषांचा पडताळा सोलापूर जिल्ह्याच्या परिसरातील लोककलेशी, विशेषतः संगीत बारीशी, घेतला आहे. परकीय संज्ञा मराठी कलाप्रकाराला चिकटविणे हा यामागील हेतू नाही. लोककलेच्या आपल्या अभ्यासात सादरीकरणाकडे होणारे दुर्लक्ष या तुलनेमुळे स्पष्ट व्हावे, एवढीच अपेक्षा आहे.

संज्ञेची पार्श्वभूमी

'जॅम' हा शब्द जॅझ संगीतातून आला. ठरलेला कार्यक्रम संपल्यानंतर वादक एकत्र जमत आणि पूर्वतयारीशिवाय वाजवीत. अशा बैठकीला 'जॅम सेशन' म्हणत. रॉक संगीतात ही वृत्ती ठळकपणे आणली ती १९६५ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या 'ग्रेटफुल डेड' या समूहाने. गिटारवादक जेरी गार्सिया यांचे १९९५ मध्ये निधन होईपर्यंत, म्हणजे तीस वर्षांत, या समूहाने दोन हजारांहून अधिक कार्यक्रम केले. १९६९ मध्ये स्थापन झालेला 'ऑलमन ब्रदर्स बँड' आणि १९८३ मध्ये व्हरमाँट येथे सुरू झालेला 'फिश' हे याच परंपरेतील समूह होत.

या परंपरेचा भारतीय संगीताशी असलेला संबंधही लक्षात घेण्याजोगा आहे. ग्रेटफुल डेडचे तालवादक मिकी हार्ट यांच्यावर उस्ताद अल्लारखाँ यांच्या तबलावादनाचा प्रभाव पडला. समूहाची 'द इलेव्हन' ही रचना अकरा मात्रांची आहे. पुढे हार्ट आणि उस्ताद झाकीर हुसेन यांनी दीर्घकाळ एकत्र काम केले. त्यांच्या 'प्लॅनेट ड्रम' या १९९१ मधील ध्वनिमुद्रणास ग्रॅमी पुरस्कारही लाभला. आवर्तन सांभाळून त्यात मोकळेपणाने विहार करणे ही कल्पना भारतीय श्रोत्यास परिचित आहे. त्यामुळे जॅम बँडचे तंत्र समजावून घेणे त्याला अवघड जाऊ नये.

निकषांची तपासणी

जॅम बँडचे पहिले लक्षण म्हणून दीर्घ वादनाचा उल्लेख केला जातो. हे लक्षण पुरेसे नाही. 'येस' किंवा 'किंग क्रिम्सन' यांसारख्या प्रोग्रेसिव्ह रॉक समूहांच्या अनेक रचना वीस-वीस मिनिटांच्या आसपास जातात. परंतु त्यांचा मोठा भाग आधीच बांधलेला असतो. लांबी हा येथे मुद्दा नसून ती लांबी कोठून येते हा मुद्दा आहे. ग्रेटफुल डेडची 'डार्क स्टार' ही रचना १९६८ मध्ये तबकडीवर आली तेव्हा ती तीन मिनिटांहून कमी होती. १९६९ च्या 'लाइव्ह/डेड' या ध्वनिमुद्रणात तीच रचना सुमारे तेवीस मिनिटांची झाली. ही वाढ कागदावर लिहिलेली नव्हती. ती वादकांनी एकमेकांचे ऐकत, त्या वेळी, त्या जागी घडविली.

दुसरे लक्षण उत्स्फूर्ततेचे. तेही एकटे पुरेसे नाही, कारण उत्स्फूर्तता हा जॅझचाही प्राण आहे. शिवाय जवळपास प्रत्येक रॉक समूहात एखादा गिटारवादक चार-सहा आवर्तने स्वतःच्या मनाने वाजवतो. जॅम बँडमध्ये एक वादक पुढे येतो आणि इतर साथ करतात असे नेहमी घडत नाही. संपूर्ण समूह एकत्रितपणे रचनेची दिशा बदलतो. एक गीत न थांबता दुसऱ्यात मिसळते आणि कधी तासाभराने पहिल्याकडे परतते.

तिसरे लक्षण कार्यक्रमाच्या अनन्यतेचे आहे. कोणती गीते कोणत्या क्रमाने होतील हे रोज बदलते. 'फिश' या समूहाने २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तेरा कार्यक्रम केले आणि त्यांत एकाही गीताची पुनरावृत्ती केली नाही. साहजिकच श्रोता पुन्हा पुन्हा येतो. कालचे पुन्हा ऐकता यावे म्हणून तो येत नाही. आज काय घडेल हे कालवरून सांगता येत नाही, म्हणून तो येतो.

चौथे लक्षण श्रोत्यांच्या सहभागाचे. ग्रेटफुल डेडने श्रोत्यांना कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण करण्यास मुभा दिली आणि १९८४ मध्ये त्यांच्यासाठी सभागृहात स्वतंत्र जागा राखली. या फिती श्रोत्यांनी एकमेकांना विनामोबदला द्याव्यात असा संकेत होता. समूहाचे उत्पन्न मुख्यतः दौऱ्यांवर अवलंबून होते. तबकड्यांच्या बाजारात त्यांचे एकच गीत अमेरिकेतील पहिल्या दहांत पोहोचले, तेही १९८७ मध्ये. 'मेडेस्की, मार्टिन अँड वूड' हे वास्तविक जॅझचे त्रिकूट, परंतु याच श्रोतृवर्गाने त्यांना आपलेसे केल्यामुळे त्यांची गणना जॅम बँडमध्ये होऊ लागली. याचा अर्थ असा की ही संज्ञा एखाद्या शैलीचे नाव नाही. वादक, रचना आणि श्रोता यांच्यातील विशिष्ट संबंधाचे ते नाव आहे.

मराठी परिसरातील पडताळा : ऑर्केस्ट्रा आणि दिंडी

हे निकष आपल्या परिसरास लावून पाहिले असता प्रथम दोन विरोधी उदाहरणे समोर येतात. पहिले उदाहरण ऑर्केस्ट्राचे. गणेशोत्सवात, यात्रेत वा लग्नसमारंभात चित्रपटगीते सादर करणाऱ्या ऑर्केस्ट्राचे यश तबकडीशी असलेल्या साम्यावर मोजले जाते. मूळ गीतातील बासरीचा तुकडा जसाच्या तसा वाजला तर टाळी पडते, चुकला तर कुजबुज होते. वाद्ये जॅम बँडसारखीच, परंतु मूल्य नेमके उलट.

दुसरे उदाहरण वारकरी दिंडीचे. पंढरपूर सोलापूर जिल्ह्यात असल्याने हे दृश्य येथील वाचकांच्या नित्य परिचयाचे आहे. दिंडीचे भजन तासन्‌तास चालते. वीणेकरी, मृदंगवादक आणि टाळकरी एकजीव झालेले असतात. ऐकणारा आणि गाणारा असा भेद जवळजवळ उरत नाही. एका अर्थी जॅम बँडच्या श्रोतृसमुदायापेक्षा हा समुदाय अधिक एकरूप आहे. चाल बदलणे, लय वाढविणे, एखाद्या चरणावर रेंगाळणे यांस येथे वाव असतो. तथापि अभंगांचा क्रम परंपरेने नेमून दिलेला असतो, आणि तो मोडण्यात कोणालाही गौरव वाटत नाही. आजचे भजन कालच्यापेक्षा वेगळे व्हावे ही येथील आकांक्षाच नव्हे. नित्यनेम हेच तेथील मूल्य आहे. म्हणून दीर्घता, सामूहिकता आणि सहभाग असूनही दिंडीस या वर्गात घालणे अयोग्य ठरेल.

संगीत बारी : सर्वांत जवळचे उदाहरण

तमाशाचे ढोलकी फड आणि संगीत बारी असे दोन प्रमुख प्रकार मानले जातात. ढोलकी फडात गण, गवळण, बतावणी, लावणी आणि वग असा क्रम असतो. त्यातील बतावणी व वग यांत हजरजबाबीपणाला मोठे स्थान आहे. या अंगाचे सामर्थ्य शहरी रंगभूमीनेही ओळखले. वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या १९६५ मधील लोकनाट्यात दादा कोंडके प्रयोगागणिक ताज्या घटनांवर नवे संवाद घालीत असत. परंतु ही उत्स्फूर्तता मुख्यतः संवादाची आहे. संगीताची उत्स्फूर्तता पाहावयाची तर संगीत बारीकडे वळावे लागते.

संगीत बारीत गायिका व नर्तकी, पेटीवादक, तबलजी आणि ढोलकीवाला यांची पार्टी असते. कला केंद्राच्या मंचावर अशा अनेक पार्ट्या आपापल्या पाळीने, म्हणजे 'बारी'ने, सादरीकरण करतात. सोलापूर जिल्ह्यातील मोडनिंब हे गाव या परंपरेसाठी प्रसिद्ध आहे. येथे कार्यक्रमपत्रिका नसते. श्रोत्याची फर्माईश येते आणि त्यानुसार पुढची लावणी ठरते. बैठकीच्या लावणीत गायिका एकच ओळ पुन्हा पुन्हा घेते, आणि दर वेळी तिच्या अदाकारीने त्या ओळीचा अर्थ पालटतो. कधी आर्जव, कधी लटका राग, कधी उपरोध. पद्मश्री यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) या अशा अदाकारीच्या थोर प्रतिनिधी होत्या. गायिकेच्या नजरेचा आणि पावलांचा अंदाज घेत ढोलकीवाला तोडा रचतो, पेटीवाला सूर धरून ठेवतो. समोरचा श्रोता जाणता असेल तर ओळ लांबते. नसेल तर पार्टी पुढच्या गाण्याकडे वळते.

वर पाहिलेल्या चार लक्षणांशी हे ताडून पाहावे. दीर्घता येथे आहे, आणि ती आधी ठरलेली नाही. उत्स्फूर्तता समूहाची आहे. दोन बैठका सारख्या होत नाहीत. उपजीविका तबकडीवर नसून प्रत्यक्ष सादरीकरणावर अवलंबून आहे. 'पिंजरा' (१९७२) सारख्या चित्रपटांतील लावण्यांची फर्माईश वाढली तेव्हा तबकडीबरहुकूम गाण्याचा दबाव बारीवरही आला, ही गोष्टसुद्धा वरील निकषांची सत्यता दर्शविते. ध्वनिमुद्रित नमुना प्रमाण मानला गेला की जागेवर घडणाऱ्या संगीताचा संकोच होतो.

निकषाची मर्यादा : मोकळीक कोणाची?

येथपर्यंतचे साम्य मान्य केले तरी एक मूलभूत अंतर शिल्लक राहते, आणि ते टाळून केलेली तुलना अप्रामाणिक ठरेल. जॅम बँडविषयीच्या लेखनात श्रोत्याचा सहभाग हा निखळ गुण मानला जातो. कारण तेथे वादक आणि श्रोता साधारणतः एकाच सामाजिक स्तरातील आहेत. श्रोता फर्माईश करू शकतो, पण वादक ती सहज नाकारू शकतो. संगीत बारीत तसे नाही. फर्माईशीसोबत दौलतजादा येतो. नोट पुढे झाली की चालू ओळ सोडून त्या श्रोत्याकडे वळावे लागते. गाणाऱ्या स्त्रिया बहुतांशी कोल्हाटी व तत्सम समाजांतील, आणि पैसे देणारा पुरुष बहुधा जमीन व सत्ता बाळगणारा. करमाळा तालुक्यातील किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) या आत्मकथनाने या व्यवस्थेतील स्त्रियांची व मुलांची होरपळ मराठी वाचकापुढे ठेवली. ते वाचल्यानंतर 'श्रोत्याचा सहभाग' हा शब्दप्रयोग निरागसपणे वापरता येत नाही.

म्हणून सहभागाचा निकष दुरुस्त करून घ्यावा लागतो. श्रोता कार्यक्रमाची दिशा बदलू शकतो का, एवढाच प्रश्न अपुरा आहे. कलावंताला ती दिशा नाकारता येते का, हा प्रश्नही त्यास जोडला पाहिजे. हा जोडप्रश्न विचारला की संगीत बारीतील कलेचे मोल कमी होत नाही, उलट वाढते. ओळ सोडण्याची सक्ती असतानाही तीच ओळ नव्या अर्थाने परत घेणे, देणाऱ्याला त्याच्या नकळत उपरोधाचा धनी करणे, ही अदाकारी परतंत्र परिस्थितीत मिळविलेली मोकळीक आहे. जॅम बँडला जे स्वातंत्र्य आयते मिळाले, ते येथे कलावंत स्त्रीला क्षणोक्षणी कमवावे लागले.

अभ्यासाच्या दृष्टीने

या विवेचनाचा महाविद्यालयीन अध्यापनाशी थेट संबंध आहे. पेशवाईच्या उत्तरकाळातील सोलापूरचा शाहीर राम जोशी अभ्यासक्रमांतून शिकविला जातो तो मुद्रित संहितेच्या आधारे. त्याची प्रतिमा जनमानसात ठसली ती १९४७ च्या 'लोकशाहीर राम जोशी' या चित्रपटामुळे. परंतु त्याच्या फडात झीलकऱ्यांनी ध्रुपद कसे उचलले, डफाची लय कोठे बदलली, श्रोत्यांच्या सवालावर कोणता जवाब आयत्या वेळी रचला गेला, हे आता जाणून घेण्याचा मार्ग उरलेला नाही. त्या काळी नोंदीचे साधन नव्हते. आज ते प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि तरीही बारीची संपूर्ण रात्र नोंदविलेली क्वचितच आढळते. आढळतात ते काही मिनिटांचे निवडक तुकडे. युवा महोत्सवांतील लोककलेच्या स्पर्धाही मिनिटांच्या मर्यादेत घेतल्या जातात. तेथे विद्यार्थी बसविलेली लावणी सादर करतात. घडत जाणारी लावणी त्यांना भेटतच नाही. ग्रेटफुल डेडच्या श्रोत्यांनी आपल्या आवडत्या समूहाच्या रात्रींमागून रात्री जतन केल्या. त्यांपैकी १९७७ मधील कॉर्नेल विद्यापीठातील कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत समाविष्ट झाले आहे. मोडनिंबच्या एखाद्या रात्रीला असे भाग्य लाभू नये, याचे कारण कलेच्या दर्जात शोधता येणार नाही. ते कलावंतांच्या सामाजिक स्थानात आणि अभ्यासकांच्या संकोचात शोधावे लागेल.

निष्कर्ष

१. जॅम बँड ही शैलीवाचक संज्ञा नसून संबंधवाचक संज्ञा आहे. सामूहिक उत्स्फूर्तता, प्रत्येक कार्यक्रमाची अनन्यता आणि प्रत्यक्ष सादरीकरणाचे प्राधान्य ही तिची एकत्रित लक्षणे होत. यांतील कोणतेही एक लक्षण सुटे घेऊन वर्गीकरण करता येत नाही.

२. या लक्षणांच्या आधारे ऑर्केस्ट्रा व दिंडी या वर्गाबाहेर राहतात. संगीत बारी मात्र त्याच्या सर्वांत निकट येते.

३. संगीत बारीच्या पडताळ्यामुळे मूळ निकषातील उणीवही उघड होते. श्रोत्याच्या सहभागाबरोबर कलावंताच्या नकाराधिकाराचा विचार केल्याशिवाय तो निकष पूर्ण होत नाही.

४. लोककलेच्या अभ्यासात संहितेइतकेच संपूर्ण सादरीकरणाच्या नोंदीला स्थान मिळणे आवश्यक आहे. ही नोंद कलावंतांच्या संमतीने आणि त्यांच्या हक्कांची जाणीव ठेवून व्हावी. ज्यांना फर्माईश नाकारण्याची मुभा फारशी मिळाली नाही, त्यांना निदान अभ्यासकाच्या यंत्रापुढे तरी नाही म्हणता आले पाहिजे.