जनुकीय अभिव्यक्ती आणि डोके-मानेचा कर्करोग : खुल्या माहितीच्या वापराची चिकित्सा

प्रस्तावना

मानवी शरीरातील बहुतेक सर्व पेशींत जनुकांचा संच एकच असतो. तरीही स्नायूची पेशी व गालाच्या अस्तराची पेशी भिन्न असतात. कारण दोहोंत कार्यरत असणारी जनुके आणि त्यांच्या कार्याचे प्रमाण वेगळे असते. जनुकापासून तयार होणाऱ्या संदेशवाहक आरएनएचे प्रमाण मोजून हा फरक अंकांत मांडता येतो. ही जनुकीय अभिव्यक्तीची माहिती होय. तोंड, घसा व स्वरयंत्र यांच्या कर्करोगांच्या अभ्यासात तिला आज महत्त्वाचे स्थान आहे. ‘द कॅन्सर जीनोम ॲटलास’ या अमेरिकी प्रकल्पाने २०१५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात अशा २७९ गाठींचे विश्लेषण प्रसिद्ध केले आणि अभिव्यक्तीची माहिती सर्वांसाठी खुली ठेवली.

ओतूरसारख्या ग्रामीण भागातील महाविद्यालयांना अनुक्रमण यंत्र घेणे सहसा शक्य नसते. संगणक, विनामूल्य संख्याशास्त्रीय प्रणाली व इंटरनेट एवढ्यावर मात्र तेथील प्राध्यापक व विद्यार्थी या माहितीवर काम करू शकतात. ही संधी मोठी आहे. परंतु तिच्याबरोबर येणारी जबाबदारीही तेवढीच मोठी आहे. जुन्नर तालुक्यातच खोडद येथे असलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेनांनी टिपलेले संकेत जसेच्या तसे वाचले जात नाहीत. यंत्राचा व परिसराचा गोंगाट वेगळा काढल्यावरच त्यांना अर्थ प्राप्त होतो. जनुकीय अभिव्यक्तीच्या अंकांनाही हाच न्याय लागू केला पाहिजे.

तुलना कशाशी?

या विषयावरील अनेक लेखांची मांडणी ठरलेली असते. गाठ व निरोगी ऊती यांची तुलना करायची, वाढलेल्या व घटलेल्या जनुकांची यादी करायची आणि त्यांतील काहींना रोगनिदर्शक म्हणायचे. उपरोक्त प्रकल्पाच्या खुल्या संग्रहात गाठींचे नमुने ५०० हून अधिक, तर निरोगी ऊतींचे अवघे ४४ आहेत. शिवाय जिभेच्या निरोगी नमुन्यात स्नायू मोठ्या प्रमाणात येतो. गाठीत तो कमी असल्याने मायोसिनसारखी स्नायूंची जनुके ‘घटलेली’ दिसतात. येथे कर्करोगाने जनुक दाबले असे नसून दोन नमुन्यांत पेशींचे मिश्रणच वेगळे आहे. संख्याशास्त्रीय कसोटी हा फरक ‘अत्यंत सार्थ’ ठरवते. तथापि सार्थ फरक आणि रोगाचे कारण या दोन भिन्न गोष्टी आहेत.

गाठ एकजिनसी नसते

अभिव्यक्तीच्या आधारे या कर्करोगांचे चार उपप्रकार मानले गेले. त्यांतील एकाला संयोजी ऊतीशी साम्य असल्यामुळे ‘मेसेंकायमल’ असे नाव मिळाले. २०१७ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात तोंडाच्या कर्करोगाच्या १८ रुग्णांच्या सुमारे ६,००० पेशींची अभिव्यक्ती एकेका पेशीनिशी मोजणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. या उपप्रकाराची ओळख बऱ्याच अंशी गाठीत मिसळलेल्या तंतुजनक पेशींमुळे घडते, असे त्यातून दिसून आले. म्हणजे जे वैशिष्ट्य कर्कपेशींचे मानले गेले, त्यातील मोठा वाटा शेजारच्या पेशींचा होता. मिश्र ऊतीची सरासरी वाचताना हे भान आवश्यक ठरते.

कोणाचे तोंड?

२७९ गाठींपैकी १७२ तोंडातील व ७२ स्वरयंत्रातील होत्या. रुग्णांत दीर्घकाळ सिगारेट ओढणाऱ्यांचे प्रमाण मोठे होते. महाराष्ट्रातील चित्र वेगळे आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते, तर धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते. चुना लावून मळलेली तंबाखू गालात धरणे, मिश्री लावणे, गुटखा खाणे या सवयींमुळे येथे गाल व हिरड्यांचा कर्करोग ठळकपणे आढळतो. या रोगाचा कल्याणी व खारघर येथील भारतीय संस्थांनी केलेला अभ्यास २०१३ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आला. त्यात परिचित जनुकांबरोबरच पाच नवी वारंवार बदलणारी जनुके नोंदवली गेली. तो अभ्यास प्रामुख्याने जनुकांतील बदलांचा होता, अभिव्यक्तीचा नव्हे. तरीही रोगाची जागा बदलली की त्याचे जनुकीय चित्रही बदलू शकते, हा त्याचा धडा आहे. त्यामुळे परदेशी गाठींवरून काढलेली यादी ‘भारतीय रुग्णांसाठी उपयुक्त’ म्हणणे हे अनुमान आहे, निष्कर्ष नव्हे.

उपयोगाची कसोटी

या पद्धतीचे यशही नमूद केले पाहिजे. गाठीत पॅपिलोमा विषाणूच्या ई६ व ई७ या जनुकांची अभिव्यक्ती आढळल्यास विषाणू तेथे केवळ उपस्थित नसून कार्यरत आहे, हे कळते. नेदरलँड्समधील संशोधकांनी २००५ मध्ये मानेच्या लसीकाग्रंथींत रोग पसरला आहे का, हे मूळ गाठीच्या अभिव्यक्तीवरून ओळखण्याचा प्रयत्न केला. हाच प्रश्न मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ व सहकाऱ्यांनी वेगळ्या मार्गाने हाताळला. मानेत गाठ हाताला न लागणाऱ्या, सुरुवातीच्या अवस्थेतील तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांत मानेच्या ग्रंथी आधीच काढल्यास तीन वर्षांनंतरचे जीवितप्रमाण ८० टक्के, तर रोग दिसल्यावर काढल्यास ६७.५ टक्के राहते, असे त्यांनी २०१५ मध्ये दाखवले. मात्र आधी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे ३० टक्क्यांच्याच ग्रंथींत रोग आढळला. उरलेल्यांची शस्त्रक्रिया विश्वासाने टाळता येईल का, हा अभिव्यक्तीच्या माहितीपुढील खरा प्रश्न आहे. जनुकांच्या यादीचे मूल्य तिच्या लांबीवर नव्हे, अशा प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

निष्कर्ष

खुली जनुकीय माहिती ग्रामीण महाविद्यालयांना संशोधनाचे दार उघडून देते, यात शंका नाही. तथापि प्रत्येक निबंधात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात : तुलनेतील निरोगी ऊती कोणती, गाठ तोंडाच्या नेमक्या कोणत्या भागातील, आणि निष्कर्ष स्वतंत्र रुग्णसमूहावर तपासला आहे का. विद्यार्थ्याच्या प्रकल्पातही एका संचावरून काढलेला निष्कर्ष दुसऱ्या खुल्या संचावर तपासणे शक्य असते. त्यासाठी यंत्र लागत नाही, संयम लागतो. परिसरातील मिश्री व तंबाखूच्या सवयींची काटेकोर नोंद हे कामही अशा महाविद्यालयांच्या आवाक्यातील आहे. त्या नोंदींची जोड मिळाली, तरच पुढे येथील गाठींवरून मिळणाऱ्या अंकांचा अर्थ येथील रुग्णांच्या संदर्भात लावता येईल.