शिक्षक केशवसुत

केशवसुतांच्या चरित्रात शिक्षकीची नोंद बहुधा विपत्तींच्या सदराखालीच होते. तुटपुंजे वेतन, अस्थिर नोकऱ्या, पाठीस लागलेला प्लेग! हे सारे खरेच. परंतु या पेशाने त्यांच्या कवितेस काय दिले, हेही पाहिले पाहिजे.

आमच्या चांदनीहून भुसावळकडे जाताना बऱ्हाणपूर, रावेर मागे पडले की सावदा लागते. तेथून जवळच्या फैजपूर गावी ते १९०१ पासून मुख्याध्यापक होते. त्यापूर्वीच, १८९३ साली, त्यांच्या दोन प्रसिद्ध कविता लिहून झाल्या होत्या. 'तुतारी'त वर्गापुढे उभ्या राहिलेल्या माणसाचा स्वर स्पष्ट ऐकू येतो. तो बजावतो, हाक देतो, आळशांना उठवितो. आणि कोठे कोठे, स्पष्टच बोलावयाचे तर, व्याख्यानही देतो. 'झपूर्झा'ची तऱ्हा निराळी. मुलींच्या खेळातला शब्द उचलून कवी ज्ञाताच्या कुंपणापलीकडे निघून जातो आणि तेथून परत येऊन अर्थ सांगत बसत नाही. जन्मभर मुलांना अर्थ सांगणाऱ्या मनुष्याने अर्थ सांगता न येणारी कविता लिहावी, यातच त्याचे कवितेशी असलेले खाजगी नाते मला दिसते. 'तुतारी' शिक्षकाने लिहिली असेल. 'झपूर्झा' शिक्षकाने स्वतःसाठी राखून ठेवली.

आपल्या वर्गांत मात्र दोन्ही कवितांना एकच प्रश्न विचारला जातो: कवीला काय सांगावयाचे आहे? ज्या गुरुजींनी रात्री चार ओळी लिहून सकाळी फाडून टाकल्या असतील, त्यांच्या तोंडून हा प्रश्न इतक्या सहजासहजी निघणार नाही. देवळातल्या कीर्तनात आपण हा भेद नेहमी अनुभवतो. एक बुवा अभंगाचे पद सोडवून दाखवितात. दुसरे सोडविता सोडविता मध्येच थांबतात, आणि सभामंडप स्तब्ध होतो. शिकविणे दोघांचेही चोख असते. पण अभंग घरी नेतो तो दुसऱ्यांचा श्रोता.

नोकरी आणि लेखणी यांचा झगडा प्रत्येकाने आपापल्या परीने मिटविला. बा. भ. बोरकरांनी गोव्यात अध्यापन करीत मराठी आणि कोंकणी या दोन्ही भाषांत कविता लिहिली. इकडे खंडव्यास माखनलाल चतुर्वेदींनी १९१३ साली 'प्रभा' मासिकासाठी मास्तरकी सोडली. केशवसुतांनी ती सोडली नाही. १९०५ च्या नोव्हेंबरात हुबळीस प्लेगने त्यांचा अंत झाला, तेव्हा ते धारवाडच्या हायस्कुलात मराठी शिकवीत होते.