ज्याची त्याची जागा

फुटबॉल बघणाऱ्या माणसाला एक खोड असते. अकरा नामवंत खेळाडूंची नावे तो कागदावर लिहितो आणि त्यालाच संघ म्हणतो. आमच्या बोरीवलीत अशा कागदी संघांना तोटा नाही. त्यांत बहुधा सात फॉरवर्ड, तीन हाफ आणि कुणीतरी आठवण करून दिल्यावर घातलेला एक गोलकीपर असतो. बॅक कुणालाच आठवत नाहीत. पंगतीत सगळेच श्रीखंड वाढायला निघाले तर मीठ कोण वाढणार हो?

या मंडळींचा लाडका दाखला म्हणजे 1962 च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेतला जर्नेल सिंग. गडी पक्का बचावपटू. थायलंडविरुद्ध डोके फुटले, टाके पडले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी उपान्त्य सामन्यात त्याला चक्क सेंटर-फॉरवर्ड केले! पठ्ठ्याने दक्षिण व्हिएतनामवर गोल चढवला आणि अंतिम सामन्यात दक्षिण कोरियावरही. ज्या कोरियाने सलामीलाच 2-0 असे लोळवले होते, तिलाच भारताने 2-1 ने हरवून सुवर्ण आणले. “बघा, चांगला खेळाडू कुठेही चालतो!” असे म्हणून मंडळी चहा मागवतात.

मला काही हे पटत नाही. आम्ही पडलो बँकेतले कारकून. डेबिट दिसले की आधी क्रेडिट शोधतो. जर्नेल पुढे गेला, मग मागे त्याच्या जागी कोण जमा झाले? अरुण घोष! जोडीला चंद्रशेखर आणि त्रिलोक सिंग. मधल्या फळीत गोव्याचा, मुंबईत टाटांकडून खेळलेला फोर्तुनातो फ्रँको. पुढे पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी आणि बलराम. एकाला हलवता आले, कारण बाकीचे भक्कम बसले होते. ताळेबंद जुळला तो असा. पण टाके पडलेल्या डोक्याची गोष्ट जो तो सांगतो, घोषबाबूंचे नाव कुणी काढत नाही. गोल मारणाऱ्याचा फोटो छापतात. न झालेल्या गोलाचा फोटो काढणार तरी कसा?

रहीमसाहेब हैदराबादचे, मूळचे शाळामास्तर. कुठले पोर कुठल्या बाकावर बसवायचे हे मास्तरांना बरोबर कळते. 1956 च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये टाटांच्याच नेव्हिल डिसूझाला त्यांनी गोलासमोर ठेवले आणि त्याने ऑस्ट्रेलियावर तीन गोल केले. त्या ऑलिम्पिकमध्ये आपण चौथे आलो. नेव्हिलला बॅकला उभा केला असता, तर बिचाऱ्याने आयुष्यभर चेंडू परतवले असते आणि आपण म्हटले असते, “ठीक आहे, मेहनती आहे.”

अशी ‘ठीक आहे, मेहनती आहे’ माणसे प्रत्येक कचेरीत, प्रत्येक घरात सापडतात. त्यांच्यात कमी काही नसते, फक्त त्यांना त्यांचा रहीम भेटलेला नसतो.

रहीमसाहेब जून 1963 मध्ये कॅन्सरने गेले. त्यानंतर आशियाई फुटबॉलचे सुवर्ण आपल्याकडे आलेले नाही. खेळाडू पुढेही मिळाले, नाही असे नाही. पण “बाबा रे, तू इथे उभा राहा” हे ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवून ऐकावे, असा मास्तर सारखा सारखा थोडाच मिळतो!