संकेतावरून प्रकार : कंपाइल केलेल्या सॉफ्टवेअर पॅकेजांच्या ओळखीची चिकित्सा

प्रस्तावना :
आज्ञावली कंपाइल झाली की ती यंत्राला वाचता येते, माणसाला मात्र सहज वाचता येत नाही. वापरणाऱ्याच्या हाती एक बंद पॅकेज येते आणि त्यात काय आहे हे तो बहुधा नावावरूनच ठरवतो. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोली जिल्ह्यातील एका शासकीय कर्मचाऱ्यास व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाचे निमंत्रण आले. सोबतची फाइल पीडीएफ पत्रिका भासत होती. प्रत्यक्षात ते अँड्रॉइडचे एपीके पॅकेज होते. ते उघडल्यानंतर खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. मराठवाड्यातील ही घटना पाहता फाइलचा प्रकार ओळखणे हा केवळ संगणकशास्त्र विभागाचा विषय उरत नाही. प्रस्तुत लेखात नाव, आरंभसंकेत आणि अंतर्रचना या ओळखीच्या तीन प्रचलित आधारांची चिकित्सा केली आहे.

नावाचा आधार :
फाइलच्या नावाचे शेपूट हे पोत्यावरच्या चिठ्ठीसारखे असते. चिठ्ठी बदलल्याने पोत्यातील धान्य बदलत नाही. त्यातही विंडोज प्रणाली परिचित शेपटे मुळातच लपवून ठेवते. त्यामुळे ‘पत्रिका.पीडीएफ.ईएक्सई’ अशा दुहेरी नावाचा पहिला अर्धाच वापरणाऱ्यास दिसतो. सोयीसाठी केलेली ही योजना फसवणुकीला पूरक ठरली आहे. नाव हा पुरावा नसून केवळ दावा आहे.

आरंभसंकेताचा आधार :
यावर उपाय म्हणून फाइलच्या प्रारंभीचे बाइट वाचण्याची प्रथा रूढ झाली. युनिक्सच्या १९७३ मधील चौथ्या आवृत्तीत ‘फाइल’ नावाची आज्ञा होती. आज लिनक्सवर आढळणारी तिची मुक्त आवृत्ती इयान डार्विन यांनी १९८०च्या दशकात सुरू केली. या संकेतांना ‘मॅजिक नंबर’ म्हणतात. या शब्दामुळे त्यांच्याभोवती गूढतेचे वलय निर्माण झाले असले, तरी त्यांचा उगम अगदी व्यावहारिक आहे. पीडीपी-११ यंत्रावरील ०४०७ ही अष्टमान संख्या मुळात शीर्षभाग ओलांडून पुढे उडी घेण्याची यंत्रआज्ञा होती. ती ओळखखूण पुढे बनली. नंतरच्या स्वरूपांत हे संकेत मुद्दाम योजले गेले. लिनक्सवरील कंपाइल केलेली फाइल १२७ या बाइटने सुरू होते व त्यापुढे ‘ईएलएफ’ ही अक्षरे येतात. विंडोजवरील फाइल ‘एमझेड’ने, म्हणजे मार्क झ्बिकोव्स्की यांच्या आद्याक्षरांनी, सुरू होते.

ही पद्धत नावापेक्षा निश्चितच विश्वसनीय आहे. मात्र ती निर्णायक मानणे चूक ठरते. जावाची कंपाइल केलेली फाइल आणि अ‍ॅपलची बहु-प्रोसेसर फाइल या दोहोंचा आरंभसंकेत ‘कॅफेबेब’ हाच आहे. त्यांच्यातील भेद पुढील संख्येवरून करावा लागतो. जावात तेथे आवृत्तिक्रमांक असतो व तो ४५ पासून पुढे जातो. अ‍ॅपलच्या फाइलीत तेथे प्रोसेसर-प्रकारांची संख्या असते आणि ती लहान असते. म्हणजे हा निर्णय तत्त्वावर नव्हे, संभाव्यतेवर आधारलेला आहे. ‘पीके’ या आरंभाने एपीके, जावाचे जार पॅकेज आणि वर्डचे आजचे दस्तऐवजही सुरू होतात, कारण ही सर्व झिप पेटाऱ्याची रूपे आहेत. हिंगोलीतील फाइल खरी पीडीएफ नाही एवढे पहिल्या बाइटांवरून सांगता आले असते. पण ती एपीके आहे, हे आत डोकावल्याशिवाय ठरले नसते.

अंतर्रचनेचा आधार :
आत डोकावणे म्हणजे घटक तपासणे. एपीकेत ‘अँड्रॉइड मॅनिफेस्ट’ नावाची फाइल असते व कंपाइल केलेला संकेत बहुधा ‘क्लासेस.डेक्स’ मध्ये असतो. डेबियन पॅकेज हा साधा ‘एआर’ संग्रह असून त्याचा पहिला घटक ‘डेबियन-बायनरी’ असतो. झिपची सूची मात्र फाइलच्या अखेरीस असते. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला हे नवे वाटणार नाही : पोथीच्या आरंभीच्या नमनावरून ती कोणती हे ठरत नाही, शेवटची पुष्पिकाही पाहावी लागते.

येथेच खरी अडचण उद्भवते. एक वाचक आरंभापासून आणि दुसरा अखेरपासून वाचत असेल, तर एकाच फाइलचे दोन प्रकार संभवतात. २०१७ मध्ये उघड झालेल्या ‘जेनस’ या अँड्रॉइडमधील त्रुटीत नेमके हेच घडले. एपीकेच्या आधी डेक्स फाइल जोडली, की जुन्या पद्धतीची स्वाक्षरी तपासणारा घटक तिला अस्सल एपीके मानी, आणि ती चालविणारा घटक डेक्स समजून पुढे जोडलेला संकेत चालवी. डिसेंबर २०१७ मध्ये ही त्रुटी दूर करण्यात आली. अँड्रॉइड ७ पासून आलेली स्वाक्षरीची दुसरी पद्धत संपूर्ण फाइल व्यापते, म्हणून ती या डावाला बळी पडत नव्हती.

पॅकरने दाबून ठेवलेली फाइल हा आणखी एक प्रकार. तिचे बाह्यरूप निर्दोष असते. खरा संकेत चालतेवेळी स्मृतीत उलगडतो. महानुभावांच्या सकळ लिपीतील पोथी हाती असूनही वि. का. राजवाडे यांनी किल्ली उलगडेपर्यंत पंथाबाहेरच्या अभ्यासकांना ती वाचता येत नव्हती, त्याची येथे आठवण होते.

समारोप :
या विवेचनावरून असे दिसते की, प्रकार हा फाइलचा एकट्याचा गुणधर्म नसून फाइल आणि तिला वाचणारी आज्ञावली यांच्यातील संबंध आहे. म्हणून ‘ही फाइल कोणती?’ या प्रश्नाला ‘ती कोण उघडणार?’ या प्रश्नाची जोड दिली पाहिजे. शिवाय प्रकार कळणे म्हणजे हेतू कळणे नव्हे. अस्सल एपीकेही घातक असू शकते. तरीही प्रकार कळल्याशिवाय पुढची तपासणी सुरूच होत नाही. आपल्या महाविद्यालयांतील प्रात्यक्षिकांत प्रत्येक विद्याशाखेच्या विद्यार्थ्याने एकदा तरी फाइलचे पहिले सोळा बाइट स्वतः पाहावेत, अशी योजना करण्यास खर्च जवळजवळ नाही. जो समाज पत्रिका म्हणून आलेली प्रत्येक फाइल उघडतो, त्याला नाव आणि वस्तू यांतील भेद शिकविणे हे केवळ संगणक शिक्षकाचे काम नाही.